स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या लिंक्सवर गोल्फ खेळायला जाताना

मुंबई, पुणे किंवा नाशिकमध्ये गोल्फ शिकलेल्या माणसाच्या मनात दोन-तीन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या गावी जाण्याचा विचार येतोच. तो आला की बहुतेक जण सर्वांत आधी नामांकित मैदानांची यादी करतात आणि आठ दिवसांत सात शहरे फिरण्याचा बेत आखतात. माझ्या मते गडबड इथूनच सुरू होते. लिंक्सवरचा, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या मैदानावरचा खेळ मैदानाच्या नावापेक्षा वारा आणि जमीन यांवर जास्त अवलंबून असतो, आणि त्या दोन गोष्टी अंगवळणी पडायला एकाच परिसरात चार-पाच राउंड, म्हणजे अठरा होलचे पूर्ण डाव, खेळावे लागतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच गाव मुक्कामाला निवडावे, राउंड मोजके ठेवावेत आणि एक-दोन दिवस मोकळे सोडावेत, असे मी आग्रहाने सांगतो. पुढचे सगळे नियोजन मी याच धोरणाने मांडले आहे.

आधी जमीन समजून घ्या

समुद्राची पुळण संपते आणि शेतजमीन सुरू होते त्यांच्या मधला वाळूचा, उंचसखल, गवताळ पट्टा म्हणजे लिंक्स. आपल्या कोकणात पुळणीच्या मागे जिथे सुरूचे बन लावलेले असते तो पट्टा डोळ्यांसमोर आणला तर जागेची कल्पना येईल, फक्त तिथे झाडे जवळजवळ नसतात आणि वाळूवर फेस्क्यू जातीचे बारीक, कडक गवत पसरलेले असते. नांगराला निरुपयोगी असलेल्या या जमिनीवर गुरे-मेंढ्या चरत आणि गावकरी गोल्फ खेळत. हा खेळ तिथे इतका रुळला होता की १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा म्हणून फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली. बंदी अर्थातच टिकली नाही.

खेळाडूच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की वाळूतून पाणी झटकन निचरून जाते, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावरही जमीन टणक राहते. आपल्याकडच्या मैदानांवर चेंडू उंच मारून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर टाकला की तो तिथेच थबकतो. लिंक्सवर तो पडल्यावर वीस-तीस यार्ड पुढे धावतो, एखाद्या उंचवट्यावरून वळतो आणि कधी कधी सरळ बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खोल खड्ड्यात जाऊन बसतो. चेंडू किती उडेल यापेक्षा पडल्यावर कुठे जाईल याचा विचार तिथे आधी करावा लागतो.

मुक्काम कुठे करावा

इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंड इथेही उत्तम लिंक्स आहेत, पण पहिल्या खेपेला मी स्कॉटलंडचा पूर्व किनारा, म्हणजे फाइफ परगणा सुचवतो. सेंट अँड्र्यूज हे मुक्कामाचे गाव धरले तर एका ट्रस्टच्या ताब्यातील सात सार्वजनिक मैदाने पायी जाण्याच्या किंवा थोड्याशा बसप्रवासाच्या अंतरावर मिळतात. ओल्ड कोर्स सर्वांना ठाऊक असतो. त्याला लागून १८९५ चा न्यू कोर्स आणि १८९७ चा जुबिली कोर्स आहे, पलीकडे १९१४ चा ईडन, नवख्यांना सोयीचा स्ट्रॅथटायरम आणि नऊ होलचा बाल्गोव्ह आहे, आणि गावाबाहेर समुद्रकड्यावर २००८ साली सुरू झालेला कॅसल कोर्स आहे. न्यू कोर्सला नावात ‘नवा’ असला तरी तो सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे, आणि कित्येक स्थानिक खेळाडू ओल्डपेक्षा त्याच्यावर अधिक प्रेम करतात.

किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत गेले की क्रेल लागते. तेथील क्लब १७८६ चा असून त्याचे बालकोमी हे मैदान समुद्राला अक्षरशः चिकटून आहे. आणखी पुढे ईली नावाचे गाव आहे, तिथे पहिल्या टीसमोर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेसमोर टेकडी असल्याने पलीकडचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून टीजवळच्या खोलीत पाणबुडीचा जुना पेरिस्कोप बसवलेला आहे आणि त्यातून पाहूनच फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) मोकळा असल्याची खात्री केली जाते. ही दोन्ही मैदाने नावाजलेल्या मैदानांहून पुष्कळ स्वस्त असतात. अवघड परीक्षा हवी असेल त्याने टे नदीच्या मुखापलीकडच्या कार्नूस्टीला एक दिवस द्यावा. तिथे शेवटच्या दोन होलवर बॅरी बर्न हा ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो, आणि १९९९ च्या ‘ओपन’ या ब्रिटनमधील मोठ्या स्पर्धेत याच ओढ्याने ज्याँ व्हॅन द व्हेल्डे या फ्रेंच खेळाडूच्या हातचे विजेतेपद घालवले.

एडिनबरोच्या पूर्वेला नॉर्थ बेरिक आणि म्युअरफील्ड, तर पश्चिम किनाऱ्यावर १८६० साली पहिले ओपन जिथे झाले ते प्रेस्टविक आणि शेजारचे ट्रून, हे दोन पट्टेही तितकेच समृद्ध आहेत. पण ते पुढच्या खेपेसाठी ठेवावेत. फार तर परतताना एडिनबरोहून लोकल गाडीने नॉर्थ बेरिकला जाऊन एक राउंड खेळावा. गाडीला जेमतेम अर्धा तास लागतो आणि स्टेशनपासून मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथला पंधरावा होल, ‘रेडॅन’, जगभरच्या मैदान-रचनाकारांनी नकलून घेतलेला आहे.

केव्हा जावे

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असा असतो. मे आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण जुलै-ऑगस्टची गर्दी नसते आणि हवाही बहुधा बरी असते. जूनमध्ये मात्र एक वेगळे सुख आहे. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला सुरू केलेला राउंडही उजेडात संपतो, आणि संध्याकाळच्या वेळांचा दर अनेक ठिकाणी कमी असतो. हिवाळ्यात दर खूप उतरतात, पण दिवस अगदी लहान असतो आणि ओल्ड कोर्सवर फेअरवेचे गवत वाचवण्यासाठी चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो. इतक्या लांबून त्यासाठी जाऊ नये.

उन्हाळा म्हटले तरी तापमान विशीच्या आसपासच राहते. पूर्व किनाऱ्यावर ‘हार’ नावाचे समुद्री धुके अचानक आत येते आणि तासाभरापूर्वी स्वच्छ दिसणारा होलवरचा झेंडा दिसेनासा होतो. हा सगळा तिथल्या रोजच्या हवेचा भाग आहे, त्यावर रुसून चालत नाही.

हँडिकॅप आणि टी-टाइम

प्रवासाच्या निदान आठ-दहा महिने आधी आपल्या क्लबकडून अधिकृत हँडिकॅप, म्हणजे आपल्या खेळाची पातळी दाखवणारा आकडा, घेऊन ठेवावा. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू असल्याने भारतात नोंदवलेला हँडिकॅप तिथे समजतो, मात्र त्याचे प्रमाणपत्र छापून आणि फोनमध्ये, दोन्ही रूपांत जवळ असावे. नामांकित मैदानांवर हँडिकॅपची कमाल मर्यादा असते. ज्यांचा हँडिकॅप अजून नोंदलेला नाही त्यांनी स्ट्रॅथटायरम, बाल्गोव्ह यांसारख्या मैदानांवर बेत बसवावा, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

ओल्ड कोर्सवर टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळवण्याचे मार्ग नीट समजून घ्यावेत, कारण याच बाबतीत लोक अकारण हजारो रुपये जास्त मोजतात. पहिला मार्ग म्हणजे पुढच्या वर्षासाठी ट्रस्टकडे थेट अर्ज करणे. हे अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून थोडे दिवस स्वीकारले जातात आणि त्यात ओल्डबरोबर ट्रस्टच्या दुसऱ्या एखाद्या मैदानावरचा राउंडही घ्यावा लागतो. दुसरा मार्ग बॅलटचा, म्हणजे सोडतीचा. ज्या दिवशी खेळायचे त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ च्या आत दोन ते चार जणांच्या गटाची नावे, क्लब आणि हँडिकॅप नोंदवायचे, आणि त्याच दिवशी दुपारनंतर निकाल कळतो. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. त्यामुळे सोडतीच्या सहा संधी आठवड्यात मिळतात, आणि गावात पाच-सहा दिवस मुक्काम असेल तर रोज नाव घालता येते. मोकळे दिवस ठेवा असे मी म्हणतो ते यासाठीच. इतर राउंड शक्यतो सकाळचे किंवा संध्याकाळचे असे घ्यावेत की सोडत लागली तर ते हलवता येतील.

एकट्या प्रवाशासाठी तिसरा मार्ग आहे. पूर्वी एकटे खेळाडू मध्यरात्रीपासून थंडीत रांग लावून बसत आणि सकाळी दोन-तीन जणांच्या गटात जागा मिळाली तर खेळत. २०२४ पासून त्याऐवजी एकट्यांची वेगळी सोडत निघते. आदल्या दिवशी स्वतः मैदानावर जाऊन नाव नोंदवावे लागते, म्हणून गावात मुक्काम असणे इथेही उपयोगी पडते.

२०२४ च्या मुख्य हंगामात ओल्ड कोर्सची ग्रीन फी, म्हणजे एका राउंडचे शुल्क, ३२० पौंड होती. ती दरवर्षी वाढत असते, तेव्हा खर्चाचा अंदाज करताना चालू दर ट्रस्टकडूनच घ्यावा. त्यात कॅडीचे, म्हणजे बॅग वाहून वाट दाखवणाऱ्या सोबत्याचे मानधन आणि बक्षीस वेगळे धरावे, आणि ते रोख द्यायचे असल्याने पौंडाच्या नोटा जवळ ठेवाव्यात. कॅडीचा खर्च कुठे वाचवायचा असेल तर इतर मैदानांवर वाचवावा, ओल्डवर नव्हे. तिथे कित्येक टीवरून बंकर दिसतच नाहीत, आणि ११२ बंकरपैकी कोणता कुठे दडला आहे ते माहीत असणारा माणूस शेजारी असला की राउंडचा रंग बदलतो. आपल्याकडच्या काही जुन्या मैदानांवर पुढे उभा राहून चेंडू शोधणारा ‘आगेवाला’ असतो, तशी सोय तिथे नाही. चेंडूवर नजर आपणच ठेवायची, आणि शोधायला नियमाप्रमाणे तीनच मिनिटे मिळतात.

व्हिसा, विमान आणि बॅग

ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो आणि मुंबई व पुणे दोन्हीकडे अर्जकेंद्रे आहेत. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात असे धरले तरी मे-जूनच्या गर्दीसाठी आणखी वेळ हाताशी ठेवावा. टी-टाइमच्या पावत्या, मुक्कामाचे आरक्षण आणि क्लबचे पत्र अर्जासोबत जोडले तर प्रवासाचे कारण स्पष्ट होते.

मुंबईहून लंडन, दोहा किंवा दुबईमार्गे एडिनबरोला जाता येते. तिथून रेल्वेने लूकर्स स्टेशनवर उतरायचे आणि बसने सेंट अँड्र्यूज गाठायचे, कारण गावात रेल्वे येत नाही. तिघे-चौघे असाल आणि क्रेल, ईली, कार्नूस्टी करायचे असेल तर भाड्याची मोटार परवडते. भारतीय वाहन परवान्यावर तिथे पहिले वर्षभर गाडी चालवता येते आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. मात्र चार बॅगा आणि चार माणसे मावतील एवढी गाडी सांगून घ्यावी.

क्लब, म्हणजे चेंडू मारायचे दांडे, सोबत न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तीनपेक्षा जास्त राउंड असतील तर स्वतःचेच न्यावेत, असे माझे मत आहे. कडक कवचाच्या किंवा जाड गादीच्या प्रवासी बॅगेत ड्रायव्हर या लांब क्लबचे डोके सुटे करून ठेवावे, आणि सर्वांत लांब क्लबपेक्षा थोडी उंच अशी एक मजबूत काठी मध्ये उभी ठेवावी, म्हणजे बॅग आपटली तरी मार काठी खाते. एकदा मी ही काठी ठेवायला विसरलो आणि विमानतळाच्या पट्ट्यावरून आलेल्या बॅगेत पाच नंबरच्या आयर्नची, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबची, दांडी मोडलेली निघाली. विमान कंपनीचे क्रीडासाहित्याचे नियम तिकीट काढण्याआधी वाचावेत आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राची बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवावी. क्लब महागडे असतील तर जाताना मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ते नवे खरेदी केलेले आहेत का, हा वाद उद्भवत नाही.

कपड्यांबाबत एवढेच लक्षात ठेवावे की छत्री जवळजवळ निरुपयोगी आहे, वारा ती उलटी करतो. खरोखर जलरोधक असे जॅकेट आणि पँट, ओल्या हातातही पकड देणाऱ्या हातमोज्यांची जोडी आणि कान झाकणारी लोकरीची टोपी एवढे असले की निभते.

घरीच करायचा सराव

या बाबतीत महाराष्ट्रातला खेळाडू स्वतःला समजतो तितका कच्चा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावरच्या मैदानांचे फेअरवे भाजून कडक होतात, आणि लिंक्सच्या टणक जमिनीशी सर्वांत जवळचे असे आपल्याकडे काही असेल तर तेच. त्या दिवसांत चेंडू उंच उडवणारा वेज क्लब बाजूला ठेवून सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने चेंडू ठेंगणा मारण्याचा सराव करावा. चेंडू उजव्या पायाकडे थोडा मागे ठेवायचा, हात पुढे, मागचा झोका कंबरेपर्यंत आणि पुढचाही तेवढाच. चेंडू ग्रीनच्या पंधरा-वीस यार्ड अलीकडे पडून धावत वर गेला पाहिजे. रोज पन्नास चेंडू, महिनाभर.

वाऱ्यासाठी मात्र घरी पूर्ण तयारी होत नाही. ईडन कोर्सवर माझ्या पहिल्याच राउंडमध्ये झेंडा १३० यार्डांवर होता आणि वारा समोरून येत होता. घरी मी तिथे नऊ नंबरचा आयर्न मारला असता, म्हणून जरा हिंमत करून आठ घेतला (आकडा जितका लहान तितका चेंडू लांब जातो). चेंडू वर गेला, क्षणभर हवेत उभा राहिल्यासारखा दिसला आणि ग्रीनच्या बराच अलीकडे सरळ खाली पडला. माझ्यासोबत खेळणाऱ्या सत्तरीच्या स्थानिक गृहस्थांनी त्याच जागेवरून पाच नंबरच्या आयर्नने अर्धाच झोका घेतला. त्यांचा चेंडू माझ्या डोक्याइतकाही वर गेला नसेल, पण तो घरंगळत जाऊन झेंड्यापासून दोन पावलांवर थांबला. वाऱ्याविरुद्ध जोर लावला की चेंडूला फिरकी जास्त मिळते आणि तो आणखी वर चढतो, म्हणून मोठा क्लब घेऊन हळू मारायचे. कानांनी ऐकलेले हे तत्त्व त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसले.

झाडांनी वेढलेल्या मैदानांवर वाढलेल्या भारतीय खेळाडूंना हे जमते, याबद्दल शंका नसावी. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने २०१२ च्या ओपनमध्ये रॉयल लिदमच्या नवव्या होलवर होल-इन-वन मारला, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला, आणि शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनमध्ये हॉयलेकच्या लिंक्सवर संयुक्त आठव्या स्थानावर राहिला.

प्रत्यक्ष मैदानावर

ग्रीनच्या बाहेर वीस-तीस यार्डांवर असाल आणि मध्ये गवत कापलेले असेल तर सरळ पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) काढावा. नवख्यांना यात संकोच वाटतो, पण तिथले जुने खेळाडू हेच करतात. पॉट बंकर लहान, खोल आणि गवताच्या रचलेल्या विटांच्या उभ्या भिंतीचे असतात. भिंतीजवळ चेंडू पडला तर झेंड्याकडे मारण्याचा हट्ट सोडून बाजूला किंवा मागे मारून बाहेर यावे. तेही शक्य नसेल तर एका दंड-फटक्याने बंकरमध्येच दुसरीकडे किंवा दोन दंड-फटक्यांनी बंकरबाहेर, झेंडा आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे, चेंडू टाकण्याची मुभा नियमात आहे. गॉर्स या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात चेंडू गेला तर हात घालू नये.

ओल्ड कोर्सवर जाताना आणि येतानाही धोका मुख्यतः उजव्या बाजूला असतो, म्हणून शंका असेल तिथे डावीकडे मारावे. अठरापैकी चौदा होलच्या ग्रीन जोडीजोडीने एकत्र आहेत आणि प्रत्येक जोडीतील क्रमांकांची बेरीज अठरा येते. आपला झेंडा कोणता हे मारण्याआधी पाहून घ्यावे, नाहीतर शंभर फुटांवरून पटरने मारण्याची वेळ येते. पहिल्या आणि अठराव्या होलला छेदून एक सार्वजनिक रस्ता जातो. त्यावरून समुद्राकडे जाणारी कुटुंबे, कुत्री, सायकली जात असतात. ती पार होईपर्यंत थांबायचे, ओरडायचे नाही.

राउंड चार तासांच्या आसपास संपावा अशी अपेक्षा असते आणि ती गंभीरपणे पाळली जाते. ज्याची तयारी झाली त्याने मारावे, फोटो चालता चालता काढावेत. बॅटरीवरची गाडी बहुतेक ठिकाणी वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही, त्यामुळे जाण्यापूर्वी दोन महिने रोज सात-आठ किलोमीटर चालण्याची सवय ठेवावी. क्लबहाउसमध्ये शिरताना टोपी काढावी, आणि जुन्या क्लबमध्ये जेवायचे असेल तर कोट-टायबद्दल आधी विचारावे.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण एक सावधगिरी बाळगावी. तिथले मसुराचे सूप नाव ऐकून निर्धास्तपणे घेतले जाते, आणि पारंपरिक पद्धतीत ते डुकराच्या हाडाच्या रसात शिजवतात. मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शक्य असेल तर शनिवारी पोहोचावे. रविवारी ओल्ड कोर्स सर्वांना फिरायला मोकळा असतो, तेव्हा बॅग न घेता पहिल्यापासून अठराव्यापर्यंत चालत जावे, बंकरांत डोकावावे, सतराव्याच्या ग्रीनमागचा रस्ता आणि भिंत पाहून ठेवावी. दुसऱ्या दिवसाच्या राउंडसाठी यापेक्षा चांगली तयारी नाही. मैदानाच्या शेजारीच १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबची हिरवळ आहे. तिच्या चढउतारांमुळे तिला ‘हिमालय’ म्हणतात. ठरलेल्या वेळेत थोडे पौंड भरून कोणालाही तिथे पटिंग करता येते, पटर आणि चेंडूही तिथेच मिळतात. लांब प्रवासाने आखडलेल्या हातांना लिंक्सच्या ग्रीनचा वेग पहिल्यांदा तिथे कळू द्यावा.